कुणीच न केलेली भाकिते: ठाण्यातल्या एका प्रदर्शनाचे प्रकरण

पार्श्वभूमी

नौपाड्यातल्या एका जुन्या वाचनालयाने २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त प्रदर्शन भरवायचे ठरवले. विषय निवडला ‘चुकलेली भाकिते’. मोठमोठ्या लोकांनी छातीठोकपणे काहीतरी सांगितले आणि पुढे भलतेच घडले, अशा २४ गोष्टी २४ फलकांवर मांडायच्या. आजूबाजूच्या शाळांमधली सातवी ते नववीची मुले बघायला येणार होती, संध्याकाळी सभासद आणि त्यांची नातवंडे. वाचनालयाचे, शाळांचे आणि माणसांचे नाव इथे देत नाही. बाकी सगळे जसे घडले तसे लिहिते आहे. मजकूर तपासणाऱ्या चौघांच्या गटात मी शेवटपर्यंत होते.

मजकूर जमवायचे काम दोन महाविद्यालयीन मुलांनी आणि एका शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी केले होते. त्यांनी मेहनत केली होती. इंग्रजी सुविचारांची पुस्तके, मोबाइलवर फिरणाऱ्या याद्या, जुन्या दिवाळी अंकांतली चौकटीतली वाक्ये, सगळे वाचून एकेक वाक्य निवडले, त्याचे नेटके मराठी केले, सोबत चित्र शोधले. पहिला फलक ठाणेकरांना आवडेल असाच होता. वर डायोनिसियस लार्डनर या आयरिश लेखकाच्या नावाने वाक्य: आगगाडी फार वेगाने धावली तर प्रवासी श्वास कोंडून मरतील. खाली १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटून ठाण्याला सुखरूप पोचलेली पहिली प्रवासी गाडी, १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, ३४ किलोमीटरचे अंतर. कार्यकारिणीच्या बैठकीत या फलकाला टाळ्या पडल्या.

फ्लेक्स छापणाऱ्याला आगाऊ रक्कम दिली गेली. प्रूफे सभासदांना बघायला म्हणून वाचनकक्षात टेबलावर ठेवली.

अडचण

दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले एक सभासद रोज सकाळी पेपर वाचायला येतात. सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी प्रूफे चाळली आणि एका फलकावर बोट ठेवून ग्रंथपाल ताईंना विचारले, ‘‘हे ह्यांनी कुठं म्हटलंय?’’

फलक होता अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाचे प्रमुख चार्ल्स ड्यूएल यांचा. १८९९ मध्ये ते म्हणाले म्हणे, की लावण्यासारखे सगळे शोध लावून झाले आहेत. ताईंनी मुलांना विचारले. मुलांनी पाच-सहा ठिकाणे दाखवली, पण प्रत्येक ठिकाणी नुसते वाक्य आणि खाली नाव. कुठल्या अहवालात, कुठल्या पानावर, काही नाही. काकांनी मुलांकडून ड्यूएल यांचा त्या काळातला वार्षिक अहवाल शोधून घेतला. त्यात ते वाक्य नव्हतेच. पेटंटची संख्या कशी वाढत चालली आहे याचे आकडे मात्र होते, म्हणजे नेमके उलटे. तसला विनोद १८९९ मध्येच लंडनच्या ‘पंच’ साप्ताहिकात छापून आला होता. १८४३ मध्ये याच कार्यालयाचे आधीचे प्रमुख हेन्री एल्सवर्थ यांनी, दरवर्षी होणारी प्रगती बघून माणसाच्या सुधारणेची सीमा जवळ आली की काय असे वाटते, असे आलंकारिक वाक्य लिहिले होते. या सगळ्याची कुठेतरी सरमिसळ झाली आणि बिचाऱ्या ड्यूएल यांच्या माथी बसली.

एक फलक असा निघाल्यावर बाकीचे तपासणे आले. दोन संध्याकाळींत चित्र स्पष्ट झाले. लार्डनर यांचे ते वाक्य त्यांच्या लेखनात कुठे आहे हे कोणी दाखवू शकेना. ‘जगात फार तर पाच संगणक खपतील’ हे आयबीएमच्या थॉमस वॉटसन यांचे वाक्य १९४३ चे म्हणून सांगतात, त्यालाही आधार सापडेना. १९५३ मध्ये त्यांच्या मुलाने भागधारकांना एक हकिकत मात्र सांगितली होती. आयबीएम ७०१ हे यंत्र घेऊन वीसेक कंपन्यांकडे गेलो, पाचांची मागणी येईल असे वाटले होते, आली अठराची. म्हणजे अंदाजापेक्षा जास्त खपल्याची आनंदाची बातमी फिरत फिरत मूर्खपणाचा दाखला झाली. ‘६४० केबी स्मृती कुणालाही पुरेल’ असे आपण कधी म्हटलेच नाही, हे बिल गेट्स यांनी स्वतः सांगितले आहे. गिटार वाजवणाऱ्या चमूंचे दिवस सरले असे म्हणून डेक्का या ध्वनिमुद्रिका कंपनीच्या डिक रो यांनी बीटल्सना परत पाठवले, हीही कथा. कंपनीने १९६२ मध्ये नकार दिला हे खरे, पण ते वाक्य आपले नाही असे रो म्हणत राहिले.

लोकांच्या चुकीवर हसायला मुलांना बोलवायचे आणि चूक त्यांनी केलेलीच नसावी, हे मला तेव्हाही फार लागले आणि आजही लागते. मेलेला माणूस खुलासा करायला येत नाही.

समोरचे पर्याय

तातडीची बैठक झाली. हातात आठवडाभर होता.

कार्यवाहांचे म्हणणे होते, जसे आहे तसे होऊ द्या. ही वाक्ये सगळीकडे छापतात, मुलांना मजा येईल, खाली बारीक अक्षरात ‘असे म्हटले जाते’ टाकू. त्यांच्यामागे खरी चिंता होती: शाळांना पत्रे गेली होती, पैसे गेले होते आणि मागच्या वर्षीचे प्रदर्शन पावसाच्या पाण्याने छत गळल्यामुळे रद्द करावे लागले होते. दुसरा सूर होता विषयच बदलायचा, रामन परिणामावर तयार फलक शाळेकडे पडून आहेत ते लावून मोकळे व्हायचे. तिसरे मत काकांचे. पक्के असेल तेवढेच ठेवा, दहा उरले तर दहा.

मुलांनी चौथे सुचवले आणि त्यावर खरी चर्चा झाली. खोटी ठरलेली वाक्ये फेकून देऊ नका, त्यांची वेगळी भिंत करा, ‘कुणीच न केलेली भाकिते’ अशी. विज्ञानाच्या सरांचा याला विरोध होता आणि त्यांचे कारण मला आजही बिनतोड वाटते. ते म्हणाले, ‘‘पोरं ठळक अक्षरातलं वाक्य घेऊन जातात, खालचा खुलासा भिंतीवरच राहतो. सहा महिन्यांनी त्यातलाच एखादा वक्तृत्व स्पर्धेत हेच वाक्य म्हणेल.’’

दोन तास झाले. शेवटी ठरले ते असे: फ्लेक्स थांबवायचा, विषय तोच ठेवायचा, प्रत्येक फलकाला एकच चाळणी लावायची. कोण म्हणाले, कधी म्हणाले आणि कुठे छापले किंवा नोंदले गेले, या तिन्हींची उत्तरे असतील तरच फलक मुख्य भिंतीवर. मुलांची भिंत करायची, पण तिथे मोठ्या अक्षरात वाक्य नव्हे तर ‘याचा पुरावा नाही’ हे असेल आणि वाक्य साध्या अक्षरात खुलाशाच्या पोटात येईल. सरांनी एवढ्यावर मान हलवली.

काय केले

चाळणीतून गेल्यावर जे उरले ते पहिल्या यादीपेक्षा कितीतरी सकस होते. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्व्हिन यांच्यावर सुरुवातीला एकच फलक होता: ‘भौतिकशास्त्रात आता नवे शोधण्यासारखे काही उरले नाही’, १९००. हे वाक्यही त्यांचे म्हणून सिद्ध होत नाही. उलट २७ एप्रिल १९०० रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी जे व्याख्यान दिले त्यात उष्णता आणि प्रकाश यांच्या सिद्धांतावर दोन ढग आहेत असे ते सांगत होते, म्हणजे कुठे अडले आहे हे दाखवत होते. पुढे सापेक्षता आणि पुंज सिद्धांत आले ते याच अडलेल्या जागांतून. ज्या माणसाने बोट ठेवून अडचण दाखवली त्याच्या तोंडी ‘सगळे संपले’ घालायचे, हा केवढा अन्याय!

पण केल्व्हिन खरोखर चुकले होते, आणि दोनदा. १८९६ मध्ये बेडन-पॉवेल (स्काउट चळवळीच्या संस्थापकांचे भाऊ) यांना लिहिलेल्या पत्रात, बलून सोडून बाकी कुठल्या हवाई प्रवासावर माझा कणभर विश्वास नाही, असे त्यांनी लिहिले. १७ डिसेंबर १९०३ ला राइट बंधू उडाले. दुसरी चूक याहून खोल. पृथ्वी तापलेल्या गोळ्यासारखी निवत आली आहे असे धरून १८६२ मध्ये त्यांनी तिचे वय २ कोटी ते ४० कोटी वर्षांच्या दरम्यान काढले आणि पुढे ते आणखी खाली, २ ते ४ कोटींवर आणले. आज आपण सुमारे ४५४ कोटी मानतो. गणितात चूक नव्हती. पोटातला भाग नुसता घट्ट दगड आहे आणि उष्णता त्यातून हळूहळू बाहेर झिरपते, हे गृहीतक चुकले होते. त्यांचेच एकेकाळचे सहायक जॉन पेरी यांनी १८९५ मध्ये ते दाखवूनही दिले होते: आतला भाग थोडाफार वाहता असेल तर वय कितीतरी वाढते. किरणोत्सर्गाचा शोध त्यानंतरच्या वर्षी लागला.

नववीतल्या एका मुलीने या फलकापुढे विचारले, ‘‘म्हणजे सर, गणित बरोबर असून उत्तर चुकतं?’’ अशी चूक शिकवता येते. ड्यूएल यांच्या खोट्या वाक्यातून काय शिकवणार, ते नुसतेच हास्यास्पद आहे.

‘लिटररी डायजेस्ट’चा फलक सरांनी स्वतः लिहिला. १९३६ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका पाठवल्या, २४ लाखांच्या आसपास परत आल्या आणि त्यावरून रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकणार असे जाहीर केले. रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये घेतली. पत्ते टेलिफोनच्या आणि मोटारनोंदणीच्या याद्यांतून घेतलेले, म्हणजे मंदीच्या दिवसांतही हातात पैसा असलेल्यांचे. शिवाय उत्तर पाठवायची तसदी घेतली ती बऱ्याच अंशी सरकारवर रागावलेल्यांनी. सरांनी यावर मुलांकडून एक प्रयोग करून घेतला. कामाला कशाने जाता, हा एकच प्रश्न ठाणे स्टेशनच्या सॅटिस पुलावर विचारायचा आणि घोडबंदर रोडवरच्या एका संकुलाच्या पार्किंगमध्ये. पुलावर जवळजवळ सगळे लोकल म्हणाले, पार्किंगमध्ये जवळजवळ सगळे गाडी. दोन्ही तक्ते फलकाशेजारी लावले.

खरा पेच दोन फलकांवर पडला.

पहिला ऑगस्ट काँटचा. ताऱ्यांची रासायनिक घडण माणसाला कधीच कळणार नाही, असे या फ्रेंच विचारवंताने १८३५ मध्ये लिहिले. पंचवीस वर्षांच्या आत किरखॉफ आणि बुन्सेन यांनी वर्णपटावरून, म्हणजे प्रकाशाच्या रंगपट्ट्यावरून, मूलद्रव्य ओळखायची रीत काढली आणि १८६८ मध्ये सूर्याच्या वर्णपटात हेलियमची रेषा दिसली. मूळ फलकावर पुढे लिहिले होते, ‘आणि हा शोध लागला आपल्या विजयदुर्गावरून!’ कार्यकारिणीतले एक सदस्य देवगड तालुक्यातले. गडावरचे ‘साहेबाचे ओटे’ त्यांनी लहानपणापासून पाहिलेले. तपासल्यावर दिसले ते असे. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन आंध्रातल्या गुंटूरला होते. या शोधात ज्यांचे नाव घेतात ते इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर त्या वर्षी इंग्लंडमध्येच होते आणि ऑक्टोबरमध्ये तिथूनच, ग्रहणाशिवाय, त्यांनी ती पिवळी रेषा पाहिली. विजयदुर्गाला ते आले हे शंभर टक्के खरे, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तोवर रॅमसे यांनी हेलियम पृथ्वीवरही वेगळा करून तीन वर्षे होत आली होती.

त्या सदस्यांना हे झोंबले. ‘‘आमच्या गावाचा मान काढून घेताय,’’ असे ते म्हणाले आणि उठून गेले. इथे गटाने घाई केली नाही, याचे मला समाधान आहे. ग्रंथपाल ताईंनी फलक पुन्हा लिहिला. आकाशाचा अभ्यास करणाऱ्या जगातल्या मोजक्या मोठ्या शास्त्रज्ञांपैकी एक १८९८ मध्ये बोटीने कोकणात आला, गडावर दुर्बिणी मांडल्या, ही हकिकत तिने पूर्ण दिली आणि दोन्ही साले स्पष्ट वेगळी ठेवली. मग ताई स्वतः कागद घेऊन त्यांच्या घरी गेली. त्यांनी दोनदा वाचला. ‘‘असं असेल तर असंच लावा, पण साल मोठ्या अक्षरात लावा,’’ म्हणाले. लावले.

दुसरा पेच अष्टग्रहीचा. फेब्रुवारी १९६२ मध्ये सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी आणि केतू मकर राशीत एकत्र येणार म्हणून देशभर प्रलयाची भीती पसरली, ठिकठिकाणी यज्ञ झाले. एका विश्वस्तांना हा फलक नको होता. सभासदांच्या श्रद्धा दुखावतील, देणग्यांवर परिणाम होईल. मुलांना तो नक्की हवा होता आणि त्यांच्या पहिल्या मजकुरात जोतिषांची टर उडवलेली होती. इथेही चाळणीच कामी आली. केल्व्हिन यांच्या फलकाची जी मांडणी, तीच अष्टग्रहीची: काय सांगितले, कधीसाठी सांगितले, त्या दिवशी काय झाले. विशेषण एकही नाही. शेजारी जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी पुण्यातून केलेल्या चाचणीची माहिती दिली. हुशार मुले आणि मतिमंद मुले यांच्या कुंडल्या ओळखायला दिल्या, २७ जोतिषांनी प्रत्येकी ४० कुंडल्या तपासून उत्तरे पाठवली, बरोबर आली ४६ टक्के. नाणे उडवूनही साधारण तेवढीच आली असती. विश्वस्तांनी मजकूर वाचून आक्षेप मागे घेतला.

निकाल

प्रदर्शन ठरल्या दिवशी उघडले, २४ ऐवजी १५ फलकांसह, आणि बाजूला मुलांची भिंत. शाळा आल्या. सभासदही आले, आणि त्यातूनच ज्याची कुणी कल्पना केली नव्हती अशी गोष्ट पुढे आली.

एक फलक भारताच्या भुकेवर होता. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या पॅडॉक बंधूंनी १९७५ पर्यंत मोठे दुष्काळ येणार असे लिहिले आणि भारताला मदत करूनही वाचवता येणार नाही अशा देशांत घातले. पुढच्या वर्षी अमेरिकन जीवशास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांनी ‘द पॉप्युलेशन बॉम्ब’मध्ये सत्तरच्या दशकात कोट्यवधी लोक भुकेने मरतील असे सांगितले. फलकाचा सूर ‘बघा, कसे तोंडघशी पडले’ असा होता. एक आजी त्यापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या आणि माहिती देणाऱ्या मुलाला म्हणाल्या, ‘‘बाळा, तू हसतोयस. आम्ही रेशनच्या रांगेत लाल मिलो घेतलाय, ती परदेशी ज्वारी. त्याची भाकरी थापली की तुटायची. बाहत्तरच्या दुष्काळात गावाकडं सुकडी खाऊन दिवस काढलेत. तेव्हा कुणी हे सांगितलं असतं तर आम्हाला खरंच वाटलं असतं.’’

संध्याकाळी फलक उतरवून पुन्हा लिहिला गेला. १९६४-६५ मध्ये देशाचे गव्हाचे पीक सुमारे १.२ कोटी टन होते. १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८,००० टन बुटक्या गव्हाचे बियाणे आले. अमेरिकन कृषिशास्त्रज्ञ बोरलॉग यांचे वाण, आपल्या स्वामिनाथन यांचे काम, अन्नमंत्री सी. सुब्रमण्यम यांचा निर्णय. १९७०-७१ मध्ये पीक २.३ कोटी टनांच्या पुढे गेले. भाकीत करणारे मूर्ख नव्हते. त्यांनी दिसणारी रेघ पुढे ओढली आणि ती वळवण्यासाठी राबणारी माणसे त्यांच्या हिशेबात आली नाहीत. तो फलक ‘चुकलेली’ मधून काढून ‘टळलेली’ अशा नव्या गटात गेला. साल दोनच आकड्यांत साठवल्यामुळे १ जानेवारी २००० ला संगणक कोलमडतील हे भाकीतही त्याच्या शेजारी गेले, कारण त्यामागे वर्षानुवर्षे ओळीन्‌ओळ दुरुस्त करणारे लोक होते. ऐरोली आणि महापेतल्या कंपन्यांत काम करणाऱ्या दोन पालकांनी ते कामच केले होते. त्यातल्या एकाने तिथे उभे राहून मुलांना वर्षाचे दोन आकडे आणि चार आकडे यांतला फरक फळ्यावर समजावला.

सगळ्यात जास्त गर्दी रॉबर्ट मेटकाफ यांच्या फलकाला झाली. इथरनेट, म्हणजे संगणक एकमेकांना जोडायची रीत, घडवणाऱ्या या माणसाने १९९५ च्या अखेरीस लिहिले की १९९६ मध्ये इंटरनेट कोसळेल, नाही कोसळले तर शब्द गिळीन. १९९७ मध्ये भर परिषदेत त्यांनी आपला छापील लेख पाण्याबरोबर मिक्सरमध्ये फिरवला आणि चमच्याने खाल्ला.

फ्लेक्सवाल्याने नऊ फलकांचे पैसे कापून घेतले नाहीत, पण नव्याने छापलेल्या दोघांचे घेतले. ‘टळलेली’चा गट हाताने कागदावर लिहून लावावा लागला.

पुन्हा करायचे झाले तर

तपासणी प्रूफांच्या टप्प्यावर सुरू झाली, हे उशिराचे होते. संकलन करतानाच वाक्याशेजारी ‘कुठे छापले’ असा रकाना ठेवला असता तर नऊ फलक मुळात बनलेच नसते आणि बैठकीत टाळ्या घेतलेला लार्डनर यांचा फलक काढताना जी कटुता आली ती टळली असती. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. रकाना द्यायचे काम मोठ्यांचे होते.

मुलांच्या भिंतीबद्दल सरांची शंका काही अंशी खरी ठरली. अभिप्रायवहीत तिघाचौघांनी ‘पाच संगणक’ हेच आवडलेले भाकीत म्हणून लिहिले. माझ्या मते पुढच्या वेळी त्या भिंतीवर वाक्याऐवजी घडलेली हकिकत आधी यावी, म्हणजे वॉटसन यांच्या मुलाची अठरा यंत्रांची गोष्ट; खोटे वाक्य शेवटी. भिंतच नको असे सर अजूनही म्हणतात.

जुन्या सभासदांना प्रदर्शन उघडण्याआधी एक संध्याकाळ बोलवायला हवे होते. मिलोची भाकरी थापलेली माणसे वाचनालयातच रोज येतात आणि त्यांना कुणी विचारले नाही. देवगडच्या सदस्यांनाही फलक बदलल्यावर नव्हे, तपासणी सुरू असतानाच सोबत घ्यायला हवे होते.

फलक आता शाळांना वापरायला दिले जातात. सोबत प्रत्येक फलकाच्या आधाराच्या छायाप्रतींची फाइल जाते आणि ती फलकांबरोबरच परत आली पाहिजे अशी अट आहे. पुढच्या वर्षीसाठी मुलांनी औषधांच्या इतिहासातले गैरसमज हा विषय मागितला आहे. मंजुरी मिळाली आहे. मजकुराचा तक्ता, रकान्यासकट, नोव्हेंबरअखेर काकांकडे द्यायचा आहे.